नक्षी कोणाची?

दिवाळीच्या सुट्टीत भाचेमंडळींनी आजोळी यावे, फराळाचे डबे रिकामे व्हावेत आणि घरातील वडीलधाऱ्यांचा आवाज थोडा चढावा, हा आपल्याकडील जुना क्रम आहे. यंदाही तो पाळला गेला. फरक इतकाच की, देवासहून आमच्या धाकट्या भगिनीने आपल्या चिरंजिवांना व कन्येला धारला धाडले ते एका कामगिरीसह, आणि ती कामगिरी माझ्यावर सोपविलेली होती. दूरध्वनीवर ती म्हणाली, "दादा, तिमाहीत गणितात शंभरांतून एकतीस गुण पडले आहेत. यंदा दहावी. आणि हा दिवसभर संगणकासमोर बसून खेळातल्या बाहुल्यांना कपडे घालतो. तू मुख्याध्यापक आहेस, तुझे ऐकेल. चार गोष्टी सांग त्याला."

मुख्याध्यापकाला चार गोष्टी सांगण्याचे निमंत्रण म्हणजे गवयाला तंबोरा जुळवून हाती देण्यासारखेच. मी त्याच रात्री जेवणानंतर चाराच्या चौदा गोष्टी सांगितल्या. भाच्याने त्या निमूटपणे ऐकल्या. या निमूटपणाला आम्ही शिक्षक आज्ञाधारकपणा समजतो. वस्तुतः तो बहिरेपणाचा एक सभ्य प्रकार असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो चिरंजीव पुन्हा त्याच उद्योगात मग्न.

त्या सकाळी हवेत गारवा होता. आई ओसरीवर बागची चादर पांघरून बसली होती. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी अशी एखादी चादर असेलच: पांढऱ्या भुईवर तांबडी-काळी फुले, कडेने गच्च वेलपट्टी. भाचा मोबाईल घेऊन तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, हलू नकोस." आईने पदर सारखा केला, चष्मा काढून ठेवला आणि चेहरा शांत केला. "आजी, तुझा नाही गं, चादरीचा फोटो हवाय!" आई हसली, मला मात्र ते लागले. म्हातारीपेक्षा तिची चादर महत्त्वाची झाली, या विचाराने मी ओरडणार, इतक्यात तीच म्हणाली, "अरे, घेऊ दे. काय करतो आहेस ते मलाही दाखव." मग आम्ही दोघेही त्याच्या मागे खुर्च्या मांडून बसलो. जे पाहिले ते सांगण्यासाठी आजचे हे सदर.

खेळातील पात्राचा देह एक वस्तू असते आणि त्यावरील वस्त्र ही दुसरी. वस्त्राचे चित्र एका सपाट चौकोनावर उलगडून ठेवलेले असते. शिंपी कापड बेतून पुढचा भाग, पाठ, दोन बाह्या असे तुकडे मांडतो, अगदी तसे. खेळ सुरू झाला की संगणक हे तुकडे देहाभोवती गुंडाळतो. भाच्याजवळच्या चौकोनाची प्रत्येक बाजू १०२४ ठिपक्यांची होती, म्हणजे एकंदर १०,४८,५७६ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तांबडा, हिरवा आणि निळा यांचे तीन आकडे, ० पासून २५५ पर्यंतचे. हे आकडे बदलले की वस्त्राचा रंग बदलतो. त्यासाठी चित्रसंपादनाचे कार्यक्रम मिळतात. १९९० साली बाजारात आलेला फोटोशॉप विकत घ्यावा लागतो. भाचा वापरतो तो गिंप, अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी तयार करून १९९६ मध्ये लोकांना खुला केलेला. तो विनामूल्य मिळतो.

पूर्वी तो केवळ रंगचक्र फिरवीत असे. हे चक्र ३६० अंशांचे. तांबडा शून्यावर, हिरवा १२० वर, निळा २४० वर. चक्र फिरवले की तांबडा अंगरखा हिरवा होतो. काळा आणि पांढरा मात्र कितीही फिरवा, जागचे हलत नाहीत. ही युक्ती खेळांच्या बाल्यावस्थेपासूनची आहे. जपानच्या मियामोतो यांनी १९८१ मध्ये मारिओ नावाचे पात्र रचले, तेव्हा ठिपके थोडे आणि रंग मोजकेच. केस काढणे कठीण म्हणून त्याला टोपी दिली, नाक उठून दिसावे म्हणून मिशी दिली. पुढे १९८३ मध्ये त्याला भाऊ हवा झाला, तर तीच आकृती हिरव्या रंगात काढून तिला लुईजी म्हटले. १९८५ च्या खेळात तर आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांची आकृती एकच आहे. पांढरी केली की ढग, हिरवी केली की झुडूप. देवासच्या मुलाला याचे नवल वाटू नये. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन संस्थाने, दोन दरबार १९४८ पर्यंत ज्या शहराने नांदवले, तेथील माणसाला एक आकृती दोन रंगांत पाहण्याची सवयच असायची.

परंतु या वेळी भाच्याला नुसता रंग नको होता, नक्षी हवी होती. त्याने आजीच्या चादरीचे छायाचित्र कापले, योद्ध्याच्या निळ्या अंगरख्यावर डकवले आणि विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिले. आई क्षणभर पाहत राहिली व म्हणाली, "बाळा, हे कापड नेसल्यासारखे दिसत नाही रे. भिंतीवर कॅलेंडर लावल्यासारखे दिसते. याच्या चुण्या कुठे गेल्या?"

खरेच, चुण्या नाहीशा झाल्या होत्या. मूळ अंगरख्यावर काखेत, कोपराशी, कमरेपाशी घड्या पडलेल्या होत्या. त्यांच्या सावल्या नक्षीखाली गडप झाल्या होत्या. भाचा खजील झाला नाही. त्याने निळ्या अंगरख्याची एक प्रत काढून तिचा रंग काढून टाकला आणि केवळ उजेड व सावली शिल्लक ठेवली. तो थर नक्षीच्या थरावर ठेवला आणि एका यादीतून "मल्टिप्लाय" हा शब्द निवडला. पडद्यावर घड्या परत आल्या. फुले घडीत शिरून काळवंडली, उजेडात आली तेथे उजळली. आई म्हणाली, "आता नेसला."

मल्टिप्लाय म्हणजे गुणाकार. मला वाटले, हे नाव असेच ठेवले असेल. भाचा म्हणाला, "नाही मामा, खरोखरचा गुणाकार. वरचा आकडा गुणिले खालचा आकडा, आणि भागिले दोनशे पंचावन्न." मी पेन्सिल घेतली. सावलीचा आकडा १२८, नक्षीचा २००, गुणाकार २५,६००, भागिले २५५, म्हणजे १०० आणि वर थोडे. दोनशेचा उजळ ठिपका सावलीत शंभराचा झाला. सावलीच्या थरात जेथे शुभ्र पांढरा, म्हणजे २५५, तेथे नक्षी आहे तशीच राहते. जेथे शून्य, तेथे सर्व काळे. मी परीक्षकाच्या थाटात विचारले, "२५५ नेच का भागायचे?" तो उत्तरला, "नाहीतर आकडा रंगाच्या बाहेरच जाईल ना!" वाचकहो, प्रमाण म्हणजे काय ते मी तीस वर्षे मुलांना फळ्यावर समजावीत आलो. तिमाहीत एकतीस गुण मिळविणाऱ्या या मुलाला ते समजलेले होते. प्रश्नपत्रिकेत ते ज्या वेषात येते तो वेष तेवढा त्याला ओळखता येत नव्हता. पहिल्या रात्रीच्या माझ्या चौदा गोष्टी मला त्या वेळी आठवल्या आणि त्या परत घेता आल्या तर बरे, असे वाटले.

धाकटी भाची दहा वर्षांची. तिचा खेळ माईनक्राफ्ट. त्यातील माणसे ठोकळ्यांची असतात आणि त्यांच्या संपूर्ण देहाचे चित्र अवघ्या ६४ गुणिले ६४ ठिपक्यांत बसवावे लागते. सदऱ्याच्या पुढच्या भागाला मिळतात आडवे आठ आणि उभे बारा ठिपके. दादाने चादरीचे फूल लहान करून तिला दिले, तर त्याचा चिखल झाला. तो प्रश्न आईने सोडविला. तिने अंगणातल्या रांगोळीचा डबा आणून फरशीवर सात ते सात ठिपके काढले आणि त्यांत चार पाकळ्या, मधे एक टिंब असे फूल बसवले. "मोठे फूल लहान करू नये," ती म्हणाली. "लहान जागेसाठी लहान फूल वेगळेच काढावे." भाचीने ठिपके मोजून ते पडद्यावर उतरवले.

इथवर सगळा आनंदीआनंद. चौथ्या दिवशी भाच्याने योद्धा पूर्ण केला आणि इतर खेळाडूंनीही ते वस्त्र वापरावे म्हणून तो ते इंटरनेटवर ठेवावयास निघाला. चित्राखाली इंग्रजीत लिहिले होते, नक्षी, आणि पुढे त्याचे स्वतःचे नाव.

मी विचारले, "ही नक्षी तुझी?"

"मामा, चार दिवस बसून केली आहे." हे असत्य नव्हते.

"चादर कोणाची?"

"आजीची."

"आजीने केली?"

तो थांबला. "नाही. दुकानातून आणली असेल. बागची आहे ना?"

"बागची म्हणजे कोणाची?"

तो माझ्याकडे पाहू लागला आणि माझ्या ध्यानात आले की, या प्रश्नाचे उत्तर मलाही ठाऊक नाही. बाग हे आमच्याच जिल्ह्यातील, कुक्षीजवळचे गाव. धारपासून सुमारे १०० किलोमीटर. तेथील कापड मी वापरले, आहेरात दिले, पाहुण्यांपुढे त्याची प्रौढीही मिरवली. ते कसे होते, हे पाहण्यासाठी उभ्या आयुष्यात एकदाही गेलो नव्हतो. पोराला जाब विचारण्याचा अधिकार प्रथम कमवावा लागेल, असे मनाशी म्हटले आणि भाऊबीज झाल्यावर मामा-भाचे सकाळच्या बसने निघालो.

गावाशेजारून बाघिनी नदी वाहते. पाऊस सरून फार दिवस झाले नव्हते; पाणी खळाळत होते आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून माणसे कापड खळबळत होती. येथील छपाई करणारे खत्री. ते सिंधमधील लाडकान्याकडून आले असावेत असे मानतात. तेथील अजरख छपाईशी या कामाचे नाते दिसते. नदीचे पाणी रंगाला मानवते, म्हणून ते येथे स्थिरावले. पूर्वी हे कापड मुख्यतः भिल्ल-भिलाला स्त्रियांच्या घागऱ्या-लुगड्यांसाठी होई. १९६० नंतर कृत्रिम धाग्याचे कापड आले आणि पुष्कळांनी जुने काम सोडले. त्या पडत्या काळात इस्माईल सुलेमानजी खत्री यांच्यासारख्या कारागिरांनी ते धरून ठेवले आणि साड्या-चादरींवर आणले. आईच्या खांद्यावरची चादर ही त्या चिकाटीची देणगी.

एका वयस्क कारागिराने आम्हांला सगळे काम दाखवले. कोरे कापड आधी धुवून त्यातील खळ काढतात. मग खारी माती, एरंडेल आणि शेळीच्या लेंड्या यांच्या पाण्यात ते भिजवून तुडवतात. नंतर हिरड्याच्या पाण्यातून काढले की त्याला फिकट पिवळा रंग चढतो. मग ठसे. काळ्यासाठी लोखंडाचे पाणी, तांबड्यासाठी तुरटी. दोन्हींना चिंचोक्याच्या पिठाने दाटपणा आणतात. माझ्या वडिलांच्या पिढीने हिरडा आणि हिराकस उकळून शाई केली होती. तीच शाई येथे कापडावर फूल होऊन उमटते. ठसे सागाचे अथवा शिसवीचे. एक ठसा केवळ रेघ उमटवतो, ती रेख. एक भुईचा रंग भरतो, ती गद. एक रेघेच्या आतला रंग भरतो, तो दत्ता. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, आणि तो आधीच्या ठशाच्या खुणेवर नेमका बसला पाहिजे. भाचा माझ्या कानात कुजबुजला, "मामा, हे थरच आहेत."

थरच होते, परंतु एक गोष्ट पडद्यावर नाही. तुरटीचा ठसा उमटतो तेव्हा तांबडा दिसतच नाही. कापड काही दिवस ठेवतात, वाहत्या पाण्यात धुतात आणि मग तांब्याच्या मोठ्या भांड्यात ॲलिझरिन व धायटीची फुले घालून काही तास उकळतात. त्या उकळीत जेथे तुरटी आहे तेथे तांबडा प्रकटतो, जेथे लोखंड आहे तेथे काळा गडद होतो, आणि कोरी जागा पुढे उन्हात व पाण्यात पुन्हा पुन्हा घालून पांढरी करतात. ठसा मारणारा हात रंग पाहत नसतो. तो रंगाची जागा राखून ठेवीत असतो. आता हे ॲलिझरिनही एके काळी झाडाच्या मुळापासून निघे. जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी १८६८ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केले आणि आज तेच वापरतात. तेव्हा परंपरा म्हटली की तीत काहीच बदलत नाही, असे नव्हे.

भाच्याने भीतभीत मोबाईल पुढे केला. कारागिराने योद्धा नीट न्याहाळला. पहिला प्रश्न, "हा लढतो, की नुसताच उभा राहतो?" दुसरे वाक्य, "याच्या पाठीवरची फुले उलटी आहेत." खरोखर तसे होते. एकच लांब तुकडा खांद्यावरून मागे टाकला तर पाठीवर फुलाचे तोंड खाली होते; म्हणून असे कापड छापताना अर्ध्यावर ठसा फिरवावा लागतो, हे त्याने दाखवून दिले. तिसरी चूक अधिक बारीक होती. लहान करताना तांबडा रंग काळ्या रेघेच्या बाहेर गेला होता. "ठसा घसरला म्हणजे असे होते," तो म्हणाला. "असा माल आम्ही वेगळा काढतो." माझ्या एकतीस गुणांच्या भाच्याने हे सारे वहीत टिपून घेतले. वर्गात तो वही उघडत नाही, अशी त्याच्या शिक्षकांची तक्रार आहे.

मग त्याने आपणहून विचारले, "बाबा, ही नक्षी मी घेऊ का?"

कारागीर हसला. त्याने एक जुना ठसा हाती दिला. कडा झिजलेल्या, तेल मुरून काळाभोर झालेला. "फूल माझे नाही, बेटा. माझ्या आजोबांचेही नाही, ठसा त्यांच्याही आधीचा. घे. पण कोठले ते सांगत जा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्साब, यंत्रावर छापलेले कापड शहरात बागचे म्हणून विकतात. घेणाऱ्याला फरक कळत नाही, आणि आमचे मोल घटते. हा मुलगा तर निदान विचारायला आला."

परतीच्या वाटेवर आम्ही याचाच विचार करीत होतो. कायदा काय म्हणतो? नव्या आकृतिबंधाला २००० च्या कायद्याने दहा वर्षे, आणि वाढवून घेतल्यास आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. शेकडो वर्षांच्या फुलाला ते लागू होणार नाही. बागच्या छपाईला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्यासाठीचा १९९९ चा कायदा २००३ पासून अमलात आहे. पण तो नावाचे रक्षण करतो: येथे न झालेले कापड बागचे म्हणून विकता येत नाही. पडद्यावरच्या योद्ध्याच्या अंगरख्यावर फूल काढणाऱ्याला कायदा अडवीत नाही. अर्थात कायद्याने सुटका झाली, तरी ऋण फिटले असे होत नाही. दूरदेशीही हा प्रश्न लोकांनी आपापल्या परीने सोडविला आहे. अलास्कातील इन्युपियाक लोकांच्या कथेवर २०१४ मध्ये एक खेळ निघाला, तो त्यांच्याच प्रदेशातील संस्थेने पुढाकार घेऊन, त्यांच्या वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन घडविला. २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपल्याकडील चित्रे एका लोकप्रिय खेळात वापरण्याची सोय स्वतःच करून दिली. एकाने विचारून घेतले, दुसऱ्याने आपणहून दिले. दोन्हींत देणारा कोण ते सर्वांना ठाऊक राहिले.

आणि इतके दूर तरी कशाला जावे? बागच्या जवळच डोंगरात बौद्धांची नऊ लेणी आहेत. त्यांतील भित्तिचित्रे झिजत चालली, तेव्हा ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे मो. ब. गर्दे यांच्या काळात, १९२१ च्या सुमारास, त्यांच्या प्रती करून घेण्यात आल्या. नंदलाल बोस, असितकुमार हालदार, सुरेंद्रनाथ कर हे बंगाली चित्रकार तेथे येऊन राहिले. त्यांच्याबरोबर आपटे, भोसले, भांड, जगताप अशी आपल्या परिचयाची आडनावेही आहेत. लंडनच्या इंडिया सोसायटीने त्यावर १९२७ मध्ये ग्रंथ काढला. पुढे १९८२ मध्ये मूळ चित्रेच भिंतीवरून काढून ग्वाल्हेरच्या गुजरी महालातील संग्रहालयात नेली. ज्या अनाम चित्रकाराने दीड हजार वर्षांपूर्वी त्या भिंती रंगवल्या, त्याचे नाव आता कोणी सांगू शकत नाही. नक्कल करणाऱ्यांची नावे मात्र आपल्याजवळ आहेत, आणि त्या प्रामाणिक माणसांनी आपल्या चित्रांना बागच्या लेण्यांच्या प्रती असेच म्हटले. मालवा प्रांती पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आपण या भूमीचे पाणी प्यालो, येथले कापड नेसलो, येथली बोली आपल्या मराठीत मुरली; कोणाकडून काय घेतले याची वही मात्र आपण क्वचितच लिहिली.

घरी आल्यावर भाच्याने दोन दिवस पुन्हा काम केले. पाठीवरची फुले सुलटी झाली. तांबडा रेघेच्या आत आला. आईने विचारले, "काठ कुठे आहे? बिनकाठाचे वस्त्र उघडे दिसते." तेव्हा अंगरख्याच्या घेराला चादरीवरचीच वेलपट्टी आली, आणि कोपऱ्यावर ती तुटू नये म्हणून त्याने एक वेगळे कोपऱ्याचे फूल योजले, बागच्या कारागिराकडे कोपऱ्याचा ठसा स्वतंत्र असतो, हे तो पाहून आला होता.

भगिनीचा दूरध्वनी आला. मी तिला सांगितले की मुलाचे गणित कच्चे आहे, पण डोके कच्चे नाही. संगणक काढून घेऊ नकोस, सायंकाळचा एक तास त्याला दे आणि बाकीचा वेळ अभ्यासाला लाव. खेळातील वस्त्रे रंगवण्याचा व्यवसायही असतो, आणि २०२० मध्ये गाजलेला "राजी" नावाचा खेळ आपल्या पुण्यातील मंडळींनीच तयार केला होता, हेही सांगितले. ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, मी तुला त्याला समजवायला सांगितले होते." तिची काळजी खोटी नाही. दहावीच्या गुणपत्रिकेत योद्ध्याच्या अंगरख्याला रकाना नसतो. म्हणून मामा-भाच्यांत एक करार झाला आहे: रोज दहा गणिते सोडवायची आणि त्यांचे छायाचित्र मला पाठवायचे. हे लिहीपर्यंत नऊ दिवस झाले. सात दिवस गणिते आली, दोन दिवस आली नाहीत. सहामाहीचा निकाल काय लागेल ते मी आज सांगू शकत नाही.

माझ्याकडून मात्र एक ठरले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या दरम्यान मुलांना केव्हातरी दहा दिवस दप्तराविना शिकू द्यावे, आसपासच्या कारागिरांचे काम पाहू द्यावे, असे सुचविले आहे. त्यांपैकी एक दिवस आमच्या शाळेची मुले बाघिनीच्या काठी असतील. सूचना पाच वर्षांहून अधिक जुनी आहे आणि गाव आमच्याच जिल्ह्यातले. उशीर झाला तो माझ्यामुळे.

भाच्याने जाण्यापूर्वी चित्राखालची ओळ बदलली. आता तेथे लिहिले आहे: नक्षी बागच्या ठशांची, जिल्हा धार; हे चित्र आहे, कापड बाघिनीच्या काठी खत्री कारागीर करतात; लहान फूल आजीचे; रंगकाम माझे. "माझे" हा शब्द शेवटी आला आहे. आईने ती ओळ त्याच्याकडून दोनदा वाचून घेतली, आणि मग चादर पुन्हा खांद्यावर ओढून घेतली.